महासाथीनंतर ऑनलाइन शिकवणं : काय ठेवलंत, काय सोडलंत?

खडूफळा
मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि बघता बघता जगभरची कॉलेजं बंद झाली. युनेस्कोच्या हिशेबाने तेव्हा दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते. हाताला लागेल ते साधन घेऊन आपण सगळ्यांनी शिकवणं चालू ठेवलं. वर्ग पुन्हा भरायला लागले त्यालाही आता बराच काळ लोटला.

तरी स्टाफरूममध्ये विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, "ते दिवस पुन्हा नकोत." दुसरा, "शिक्षकांना बदल नकोच असतो." मला दोन्ही अपुरे वाटतात. माझं मत असं आहे की बहुतेक शिक्षकांची तक्रार पडद्याबद्दल नाहीच. समोरच्याला समजतंय की नाही हे वर्गात क्षणाक्षणाला दिसत असतं, ते दिसेनासं झालं. शिवाय काम वाढलं आणि ते वाढीव काम कुणी मोजलं नाही. या दोन गोष्टींचं काही झालं तर नाराज मंडळींपैकी पुष्कळ जण आपणहून काही भाग ऑनलाइन घेतील.

माझ्यापुरतं सांगते. निनावी पोल मी आजही वापरते, तोही भरल्या वर्गात, मुलांच्या फोनवर. "काही आकडे खूप मोठे असतील तर सरासरी जास्त हलेल की मध्यक?" असं तोंडी विचारलं की वर्ग माना डोलावतो. पोल घेतला की खरं चित्र समोर येतं, कारण चुकलेल्याचं नाव कुणालाच दिसत नाही. तासभर पडद्याकडे बघत सलग बोलणं मात्र मी पूर्ण सोडलं.

तुम्ही काय ठेवलंत, काय सोडलंत? आणि का?

टिंब
वाचतोय. चांगला धागा.

रसायनी
मी सोडलेली गोष्ट : प्रात्यक्षिकाच्या जागी व्हिडिओ. ठेवलेली गोष्ट : प्रात्यक्षिकाच्या आधी व्हिडिओ. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टायट्रेशनचंच घ्या, म्हणजे आम्ल नेमक्या किती अल्कलीने उदासीन होतं ते मोजणं. डाव्या हाताने ब्युरेटची (खुणा असलेल्या उभ्या नळीची) चावी, उजव्या हाताने कॉनिकल फ्लास्क सतत गोल हलवत ठेवायचा. फिनॉल्फ्थॅलीन हे दर्शक घातलेल्या आम्लात अल्कली पडली की पडेल तिथे गुलाबी ढग उठतो आणि लगेच विरतो. मग तो विरायला वेळ लागू लागतो. इथे हात आवरायचा, एकेक थेंब सोडायचा, ब्युरेटच्या टोकाला लटकलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या कडेला टेकवून धुऊन घ्यायचा. अर्धा मिनिट टिकेल असा फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग गडद आणि वाचन वाया. पडद्यावर हे शंभरदा बघून मुलाला "कुठे थांबायचं" ते सांगता येतं, थांबता मात्र येत नाही. त्या वर्षी घरी बसून प्रात्यक्षिकं "पूर्ण" केलेली मुलं पुढच्या वर्गात आली, तेव्हा पिपेट धरण्यापासून सुरुवात करावी लागली. दोष मुलांचा नव्हता.

पण तोच व्हिडिओ आदल्या दिवशी बघून आलेली मुलं प्रयोगशाळेत गोंधळत नाहीत. पूर्वी सूचना देण्यात जो वेळ जायचा तो आता हाताने काम करण्यात जातो. त्यामुळे हे मी सोडणार नाही.

गणिती
रसायनी यांच्याशी प्रयोगशाळेपुरता सहमत. माझ्या विषयात मात्र ऑनलाइन काही बाबतींत फळ्याहून सरस ठरलं, हे कुणीतरी म्हणायला हवं.

टॅबलेटवर पेनने सिद्धता लिहिताना पुसावं लागत नाही. पहिल्या पानावरची व्याख्या शेवटच्या पायरीला हवी असते तेव्हा मागे सरकवून दाखवता येते. फळ्यावर ती केव्हाच पुसलेली असते आणि मागच्या बाकावरच्याने उतरवून घेतलेली नसते. तास संपला की सगळी पानं मुलांच्या हातात. आता वर्गातही मी टॅबलेटच प्रोजेक्टरला जोडतो.

आणि प्रश्न! वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी चॅटमध्ये मलाच वैयक्तिक लिहायची, "सर, तिसऱ्या ओळीत भागलंत, पण तो भाजक शून्य असू शकतो ना?" असा प्रश्न हातातून निसटू द्यायचा नाही, म्हणून वर्ग सुरू झाल्यावरही प्रश्नांचा एक चालू दस्तऐवज ठेवलाय. त्यात कुणीही, केव्हाही, नाव न घालता लिहावं.

सांजवात
मी साहित्य शिकवते, त्यामुळे माझी बाजू वेगळी.

कविता वाचून झाल्यावर वर्गात शांतता पसरते. ती शांतता मला वाचता येते. कुणी पानाकडे परत बघतंय, कुणी खिडकीबाहेर, कुणी शेजारच्याला कोपराने ढोसतंय. पुढचा प्रश्न काय विचारायचा ते त्यावरून ठरतं. ऑनलाइन तासालाही शांतता असायची, पण तिच्यातून काहीच कळायचं नाही. काळ्या चौकोनांमागे कुणी भारावलंय, कुणी भाजी चिरतंय की कुणाचं नेट गेलंय? तास संपवून "या आता" म्हटल्यावरही काही नावं तशीच रेंगाळलेली दिसायची. तिथे कुणीच बसलेलं नसायचं. आपण इतका वेळ कुणाशी बोलत होतो, असा प्रश्न पडायचा. हे ज्यांनी रोज सोसलंय त्यांना "तंत्रज्ञानाला घाबरता" म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून माझं उत्तर : वाचन आणि चर्चा फक्त वर्गात. लेखी कामावरचे अभिप्राय मात्र ऑनलाइनच. निबंधाच्या फाईलवर बोलून नोंद ठेवते. लाल शाईच्या दोन शब्दांपेक्षा मुलांना ते जास्त पोचतं.

स्वल्पविराम
मग कॅमेरा सक्तीचा का नाही केलात? आमच्या विभागात केला होता. चेहरे दिसायचे.

सांजवात
स्वल्पविराम, एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे आजारी आजोबा झोपलेत, अशा मुलीला कॅमेरा लावायला कुठल्या तोंडाने सांगणार होते? माझी छाती झाली नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी सांगणार नाही.

पिंपळपान
कॅमेऱ्याबद्दल भर घालते, मानसशास्त्र माझा विषय. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली. अनेक चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे बघतायत असं वाटणं. स्वतःचा चेहरा सारखा समोर दिसणं. एका चौकटीत जखडल्यामुळे हालचाल थांबणं. आणि एरवी आपोआप होणारे हावभाव-इशारे मुद्दाम करावे आणि ओळखावे लागल्यामुळे मेंदूवर पडणारा जादा ताण.

चारही कारणं शिक्षकाला लावून बघा. वर्गात आपण येरझाऱ्या घालतो, फळ्याकडे वळतो, हातवारे करतो. ते सगळं बंद झालं आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत व्याख्यान देणं आलं. दिवसाला चार तास असे घेऊन कोण ताजंतवानं राहील? स्वतःची चौकट लपवायची सोय असते. मी ती वापरायला लागले तेव्हा बराच आराम पडला. ज्यांना अजून ऑनलाइन बैठका कराव्या लागतात त्यांनी करून बघा.

रात्रपाळी
मी शिक्षक नाही. दिवसा शिकतो, रात्री काम करतो. इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो.

ऑनलाइन तासांमुळेच माझी पदवी पूर्ण झाली. रेकॉर्डिंग होती म्हणून. कामावरून आल्यावर झोप काढून दुपारी बघायचो. समजलं नाही तर मागे नेऊन पुन्हा. समजलेलं दीडपट वेगाने. कॉलेज सुरू झालं आणि बहुतेक शिक्षकांनी रेकॉर्डिंग बंद केलं. विचारलं तर उत्तर आलं, "मग वर्गात कोण येईल?" ज्यांना येता येतं ते येतीलच की. ज्यांना येताच येत नाही त्यांच्यासाठी तरी ठेवा. तुमच्या सगळ्यांच्या अडचणी वाचल्या आणि पटल्या, पण आमच्यासारख्यांचा विचार या चर्चेत सगळ्यात शेवटी येतो.

खडूफळा
रात्रपाळी, बरं झालं लिहिलंत. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या मधोमधच असायला हवा.

तासिका
रेकॉर्डिंगचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू लिहिते. मी कंत्राटावर शिकवते, तासाप्रमाणे मानधन.

बंदच्या काळात एका संस्थेत माझी सगळी व्याख्यानं रेकॉर्ड झाली. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही, पण माझी व्याख्यानं तिथल्या मुलांना दाखवली जात होती, हे एका विद्यार्थ्याकडून कळलं. परवानगी विचारली गेली नव्हती, मोबदला तर दूरच. रेकॉर्डिंगवर हक्क कुणाचा याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती. मी भांडले, उपयोग झाला नाही.

रात्रपाळी, तुमची गरज खरी आहे आणि तुमच्यासाठी मी हजारदा रेकॉर्ड करेन. पण आधी लिहून द्या की हे रेकॉर्डिंग याच तुकडीला, याच सत्रापुरतं, आणि पुन्हा वापरायचं तर मला विचारून आणि पैसे देऊन. हे मिळत नाही तोवर बटण दाबताना हात आखडणारच. "शिक्षकांची मानसिकता" म्हणून ज्याची चर्चा होते, त्यातली अर्धी मानसिकता अशा कागदांच्या अभावातून आलेली आहे.

टिंब
तासिका यांच्या प्रत्येक वाक्याला +१.

जुनाजाणता
निवृत्तीला टेकलोय. टीव्हीवर व्याख्यानं आली तेव्हाही "आता शिक्षक कशाला" असं ऐकलं आणि इंटरनेट आलं तेव्हाही ऐकलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमाला १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं तेव्हा तर कॉलेजं बंद पडणार असं लोक छातीठोकपणे लिहीत होते. शेवटपर्यंत पोचले सुमारे २३ हजार. हा आकडाही लहान नाही, पण जे गळाले ते का गळाले हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. वर्गात मूल दोन दिवस आलं नाही तर आम्ही विचारतो. हे काम कुठलंही यंत्र करत नाही. माझ्या मते पदवीचं शिक्षण पूर्णपणे वर्गातच व्हावं.

दूरस्थ
जुनाजाणता सर, आदर ठेवून असहमत.

महासाथीत जे घडलं त्यावरून ऑनलाइन शिक्षणाला नापास करणं चुकीचं आहे. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी एज्युकॉज रिव्ह्यू या नियतकालिकात लिहून ठेवलं होतं की संकटात घाईने केलेलं दूरस्थ अध्यापन आणि नीट आखलेलं ऑनलाइन शिक्षण यांची तुलना करू नका. असा अभ्यासक्रम तयार व्हायला कित्येक महिने लागतात. आपल्याला काही दिवस मिळाले होते.

आणि गळालेल्यांना विचारणारं कुणी नसतं असं नाही. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. त्यांच्याकडे टीव्हीवरची व्याख्यानं होती, पण प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटरही होता, जो गृहपाठ तपासून सविस्तर लिहायचा. रसायनी यांना हे आवडेल : विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचं साहित्य टपालाने घरी जायचं आणि उन्हाळ्यात निवासी शिबिरात प्रत्यक्ष प्रयोगशाळा असायची. म्हणजे काय घरी होईल आणि कशासाठी एकत्र यावंच लागेल, हे त्यांनी आधी ठरवलं होतं. आपल्याला ते ठरवायला कुणी वेळच दिला नाही.

रसायनी
आवडलं. निवासी शिबिर हा शब्द मी आमच्या विभागप्रमुखांपुढे ठेवणार.

जुनाजाणता
दूरस्थ, ट्यूटरचा मुद्दा मान्य. मग एका ट्यूटरकडे किती मुलं, हाच खरा प्रश्न झाला. आमच्याकडे ऑनलाइनचं नाव निघतं ते दोन तुकड्या एकत्र करण्यासाठी. "पडद्यावर काय, शंभर बसले काय आणि तीनशे बसले काय!" हे वाक्य मी बैठकीत कानांनी ऐकलंय. शिक्षक बिथरतात ते यामुळे.

गणिती
याबद्दल सरांशी शंभर टक्के सहमत.

अर्धविराम
माझा नंबर एकचा राग कुणी लिहिलाच नाही : अर्धी मुलं वर्गात, अर्धी त्याच वेळी पडद्यावर. खोलीतल्या मुलाने प्रश्न विचारला की घरच्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी तो माईकजवळ पुन्हा म्हणायचा. फळ्याकडे गेले की कॅमेऱ्याबाहेर. कॅमेऱ्यासमोर उभी राहिले की खोलीतल्यांना पाठ. चॅटमध्ये हात वर झालेला दहा मिनिटांनी दिसायचा. दोन्हीकडच्यांवर अन्याय. हे पुन्हा सांगितलं तर मी स्पष्ट नाही म्हणेन.

विभागप्रमुख_माजी
अर्धविराम, मी ही पद्धत राबवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. ती एका माणसाने करायची गोष्ट नाही. आम्ही प्रत्येक तासाला एक पदव्युत्तर विद्यार्थी मानधनावर बसवला. चॅट त्याने बघायचं, प्रश्न त्याने मोठ्याने वाचायचा. खोलीत फिरता माईक ठेवला. तेवढ्याने तास सुसह्य झाला. दवाखान्यात दाखल असलेली एक मुलगी त्यामुळे सत्र पूर्ण करू शकली. सरसकट नको, पण पूर्ण बादही करू नका.

अर्धविराम
तसा माणूस देणार असतील तर माझीही ना नाही. दिला नव्हता.

स्वल्पविराम
अवांतर : आमच्या एका सरांच्या ऑनलाइन तासाला त्यांचा पोपट रोज "आवाज येतोय का?" विचारायचा. आता कॉलेज सुरू झालं, सर घरी नसतात, तरी पोपट विचारतोच म्हणे.

टिंब
पोपटाला कायम करा!

रात्रपाळी
हसून हसून पुरेवाट.

पिंपळपान
मुद्द्याकडे परत. बरेच जण म्हणतात, मुलांना काय आवडलं ते विचारा आणि तसं शिकवा. यात एक खाच आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई देलोरियर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना वाटलं आपण जास्त शिकलो. प्रत्यक्ष चाचणीत पुढे होती ती स्वतः गणितं सोडवत, गटात झगडत शिकलेली मुलं. डोकं शिणलं की मुलांना वाटतं काही कळत नाहीये. म्हणून छान व्हिडिओवर पडलेल्या पसंतीच्या अंगठ्यांवरून मी तरी काही ठरवणार नाही.

दूरस्थ
आणि व्हिडिओच करायचे तर लहान करा. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला. व्हिडिओ कितीही लांब असो, निदान निम्मे लोक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं चढवणं म्हणजे मुलांचा आणि आपला दोघांचा वेळ दवडणं.

रात्रपाळी
दूरस्थ सर, माझ्या बाबतीत तसं नाही झालं. मला अख्खा तासच हवा असायचा. मुलांनी मध्ये विचारलेले प्रश्न आणि सरांनी दिलेली उत्तरं छोट्या व्हिडिओत नसतात, आणि मला तिथेच जास्त समजायचं.

दूरस्थ
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या अभ्यासातले बरेचसे लोक पदवीसाठी बांधलेले नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. तुमची निकड वेगळी होती.

तासिका
परीक्षांबद्दल कुणीच का बोलत नाहीये? माझ्या ओळखीतल्या शिक्षकांचं मन ऑनलाइनवरून सगळ्यात जास्त उडालं ते परीक्षांमुळे. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं गटावर फिरायची. प्रामाणिक मुलं मागे पडायची आणि आमच्याकडे येऊन रडायची.

गणिती
पुस्तक उघडं ठेवून देता येतील असे प्रश्न काढणं हा त्यावर उपाय होता, आणि मला तो मनापासून आवडला. "ही सिद्धता लिहा" ऐवजी "या सिद्धतेतली चुकीची पायरी शोधा आणि का चुकली ते सांगा". पण ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि घरून द्यायच्या परीक्षेचं गणित पुन्हा बिघडलं. आता लेखी काम घरून घेतो, पण त्यावर प्रत्येकाशी पाच मिनिटं तोंडी बोलतो. स्वतः केलेलं असेल तर मूल खुलून बोलतं. वेळ अफाट जातो. वर्ग साठाचा असता तर जमलं नसतं.

खडूफळा
"वेळ अफाट जातो" हे प्रत्येक चांगल्या उपायाच्या शेपटाला येतंय, बघा. रसायनींचे व्हिडिओ, सांजवात यांचे बोललेले अभिप्राय, गणितींच्या मुलाखती. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात निव्वळ वर्गापेक्षा वर्ग आणि ऑनलाइन यांची जोड थोडी सरस ठरली. पण तिथेच नोंदवलं होतं की अशा वर्गांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालेलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय माध्यमाला देता येत नाही. धोरण ठरवणारे पहिलं वाक्य वाचतात. दुसरं त्यांच्यापुढे आपणच ठेवायला हवं.

मूकवाचक
एरवी लिहीत नाही, फक्त वाचते. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते.

ठेवलं : तासाच्या वेळी चालणारी, बोलणं मजकुरात दाखवणारी पट्टी. माझ्या वर्गात एका मुलाला कमी ऐकू येतं. ऑनलाइन तासांना आपोआप येणारी मजकुराची ओळ बघून तो पहिल्यांदा मित्राच्या वहीशिवाय तास समजून घेऊ शकला. त्यात चुका असायच्या, विषयातल्या संज्ञांचा तर पार चुथडा व्हायचा. म्हणून महत्त्वाच्या संज्ञा मी आधीच लिहून देते. वर्ग सुरू झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, ते आता बंद का?" तेव्हापासून वर्गातही लॅपटॉपवर चालू ठेवते, प्रोजेक्टरवर खाली ओळ येत राहते. गंमत म्हणजे इतर मुलंही वाचतात.

सोडलं : रात्री अकराला आलेल्या मेसेजला लगेच उत्तर देणं. संध्याकाळी सातनंतर नाही, असं पहिल्याच तासाला सांगते. कुणाचंही अडलं नाही.

सांजवात
मूकवाचक, यापुढे लिहीत जा हो. संज्ञा आधी देण्याची युक्ती मी उचलतेय.

रात्रपाळी
तासिका मॅडम, तुम्ही म्हणालात तो कागद असायलाच हवा. आमच्या विद्यार्थी प्रतिनिधींकडून तशी मागणी करता येईल का? रेकॉर्डिंगही हवं आणि शिक्षकाचा हक्कही, असं एकाच अर्जात. मसुदा करायला मदत कराल?

तासिका
नक्की. व्यक्तिगत निरोप पाठवा. तुकडी, मुदत, पुनर्वापर, मोबदला, काढून टाकण्याचा अधिकार, हे पाच मुद्दे त्यात हवेतच. विद्यार्थ्यांकडून मागणी आली तर तिचं वजन वेगळं पडेल.

खडूफळा
मसुदा झाला की इथेही डकवा. मी आमच्या शिक्षक संघटनेत नेते.

रसायनी
गणिती, एक विचारायचं राहिलं. पुढच्या सत्रासाठी टायट्रेशनचा नवा व्हिडिओ घ्यायचाय. कॅमेरा वरून लावला तर रंग नीट दिसतो, पण ब्युरेटचं वाचन दिसत नाही. बाजूने लावला तर उलट. तुम्ही लिहिणं आणि चेहरा दोन्ही एकदम कसं दाखवता?

गणिती
दोन फोन. एक बाजूने, वाचनाच्या उंचीवर, आणि दुसरा फ्लास्कवर. दोन्ही एकदम सुरू करून एकदा टाळी वाजवा, जोडताना आवाज जुळवायला सोपं जातं. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा आणि कॅमेऱ्याचं आपोआप होणारं रंगसंतुलन बंद करा, नाहीतर तो फिकट गुलाबी रंग पांढराच दिसेल.